केडगावच्या छापखान्यात

उतरा, उतरा लवकर. केडगावला गाडी फार थांबत नाही, आणि तुमच्यामागे कांद्याची पाटी घेऊन उभी असलेली बाई तर तुमच्यासाठी मुळीच थांबणार नाही. डोळ्यात कोळशाचा कण गेलाय? चोळू नका, पाणी येऊ द्या, आपोआप निघून जाईल.

१९२० चा वैशाख आहे. पाय टेकताच फलाटाचं ऊन तळव्यांतून वर चढतं. तुमच्या चपला आम्ही काढून घेतल्या आहेत, कारण आज तुम्ही ज्या बाईच्या वेशात आला आहात तिच्याकडे चपला नसतात. हो, बाईच्या. पुरुष वाचकांनी कुरकुर करू नये. आज जिथं जायचंय तिथली सगळी कामं बायकाच करतात, तेव्हा दिवसभरापुरतं जाडंभरडं लुगडं नेसा, पदर खोचा आणि चालू लागा. पुणं इथून पन्नास-साठ किलोमीटर मागे राहिलं. पुढे माळ, बाभळी, मधूनच एखादा कडुनिंब, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीसरशी दातांखाली कचकचणारी माती.

आपण हिब्रूच्या एका अभ्यासक बाईला भेटायला चाललो आहोत. बायबलचा जुना करार ज्या जुन्या हिब्रूत लिहिला गेला, ती भाषा. असा अभ्यासक म्हटलं की थंड देशातलं दगडी ग्रंथालय डोळ्यांपुढे येतं, उंच खिडक्या, शिडी लावून काढायची पुस्तकं, आणि कुजबुजलं तरी रागावणारा ग्रंथपाल. ते सगळं डोक्यातून काढून टाका. या बाईंच्या खोलीबाहेर तेलाचा घाणा करकरतो.

मुक्ती मिशनच्या फाटकातून आत आलात की आधी स्वयंपाकाचा वास येतो. धुराने भिंती काळ्या झाल्यात. चुलींची रांग आहे आणि प्रत्येक चुलीशी एकेक बाई, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत भाकरी थापते आहे. शेकडो भाकऱ्या. थापण्याचा आवाज एका हाताचा असला तर छान वाटतो. इतक्या हातांचा ऐकला की छातीत धडधडायला लागतं. गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा, १९०० च्या सुमाराला, इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. त्याआधी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली आणल्या होत्या. हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या, काहींच्या डोक्यात किडे. आता त्यातल्याच कितीजणी इथं माग चालवतात, गाई राखतात, मोटेवर उभ्या राहतात, धाकट्यांना शिकवतात. त्या तिकडे झाडाखाली बसून वेताच्या टोपल्या विणताहेत त्या आंधळ्या बायका. त्यांच्यातली एक मांडीवर जाड कागद घेऊन बोटं फिरवते आहे. वाचतेय ती. ब्रेल शिकवण्याचं काम बाईंच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, इथं सुरू केलं.

थांबू नका, तुम्हाला कामावर यायला आधीच उशीर झालाय.

छापखान्याचं दार ढकललंत की वास बदलतो. काजळी आणि जवसाच्या तेलाची शाई, खिळे धुवायचं खारं पाणी, ओला कागद, आणि बंद खोलीत घामेजलेल्या माणसांचा वास. पत्रा तापलाय. यंत्राचा दांडा खाली येतो, वर जातो, आणि त्या तालावर पायाखालची फरशी हलते. कुणी कुणाशी हळू बोलत नाही, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नाही.

तुम्हाला खिळे सोडायला बसवलंय. काल छापून झालेलं पान मोडायचं आणि प्रत्येक खिळा त्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. सोपं वाटतंय? मराठी खिळ्यांची केस इंग्रजीसारखी आटोपशीर नसते. इथं अर्धा क वेगळा, कु वेगळा, कृ वेगळा. रफार, वेलांट्या, अनुस्वार यांची निराळी वस्ती. समोर शेकडो खण आहेत, आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही घ आणि ध एकाच खणात टाकता. शेजारची जुळारीण तुमच्याकडे न बघताच हात घालते, चुकीचा खिळा उचलते आणि योग्य खणात टाकते. तीन वेळा तिने हे निमूट केलं. चौथ्यांदा जे बोलली ते छापण्यासारखं नाही. तिचं मराठी ऐकलंत? मधेच गुजराती हेल येतो. दुष्काळात आली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती आणि तिला कुठलीच अक्षरं येत नव्हती. आज तिच्या डाव्या हातात जुळणीची स्टिक आहे, उजवा हात खणांवरून असा फिरतोय की डोळ्यांना दिसत नाही, आणि ओळीमागून ओळ उभी राहते आहे.

काय जुळवतेय ती? बायबल. अख्खं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून नव्याने केलेलं मराठी भाषांतर, जे गेली पंधराएक वर्षं या आवारात चालू आहे. मजकूर लिहिणारी बाई, जुळणाऱ्या बाया, प्रुफं तपासणाऱ्या बाया, यंत्रावर बाया. त्या काळच्या पुण्या-मुंबईतला कुठलाही छापखाना डोळ्यांसमोर आणून बघा, मग तुम्ही कुठे बसला आहात ते लक्षात येईल.

जुळवलेल्या खिळ्यांच्या गॅलीवर शाईचा रूळ फिरला, ओला कागद पडला, प्रूफ निघालं. ते तुमच्याच हातात देताहेत. जा, बाईंकडे नेऊन द्या. नाही, तसं नका धरू, अंगठा उमटेल.

उमटला.

खोलीत शिरताना आवाज देऊ नका, उपयोग नाही. पंडिता रमाबाईंना फार कमी ऐकू येतं. तरुणपणी विलायतेला डॉक्टर व्हायला म्हणून गेल्या होत्या, ते या कानांमुळेच राहून गेलं. समोर जाऊन उभ्या राहा, नजर वर होईपर्यंत. बाई बुटक्या आहेत. केस कापलेले, पांढरे झालेले, अंगावर पांढरं वस्त्र, डोळे घारे. ते तुमच्या तोंडाकडे न बघता सरळ तुमच्या शाईने बरबटलेल्या अंगठ्याकडे बघतात, मग प्रुफाच्या कोपऱ्याकडे, मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या घंगाळाकडे. शब्द एकही नाही. तुम्ही हात धुऊन येता.

आता टेबल नीट बघून घ्या. चार-पाच जाड पुस्तकं एकाच वेळी उघडी आहेत आणि वाऱ्याने मिटू नयेत म्हणून त्यांवर काय काय ठेवलंय. मधलं हिब्रू आहे. इथल्या मंडळींच्या तोंडी ‘इब्री’. उजवीकडून डावीकडे चालणारी चौकोनी, काळीभोर अक्षरं, आणि त्यांच्या खाली, वर, पोटात बारीक ठिपके नि रेघा. मुळात नुसती व्यंजनंच लिहायची रीत होती. स्वर वाचणाऱ्याला पाठ असायचे. पुढे तिबेरिया गावच्या पाठकांनी ते ठिपके पक्के केले, म्हणजे उच्चार आणि म्हणण्याची चाल, दोन्ही कागदावर राहिली. दालेत आणि रेश ही दोन अक्षरं शेजारी ठेवली तर फरक फक्त एका कोपऱ्याचा: एकाचा टोकदार, दुसऱ्याचा गोल. उन्हाची तिरीप, साठी उलटलेले डोळे आणि एवढासा कोपरा. तो चुकला की शब्द चुकला.

तुमचा असा समज होईल की या वयात ही लिपी शिकून बाईंनी अंगावर एक परकं ओझं घेतलंय. मला उलट वाटतं. हिब्रूतला जवळपास प्रत्येक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून निघतो. मूळ ओळखलं, त्याला लागलेले आगेमागेचे प्रत्यय सोडवले की अर्थ हाती येतो. जिने लहानपणापासून धातू चालवले आणि संधी सोडवले, तिला हे घरचंच वाटलं असणार. आणि म्हणण्याच्या चालीच्या खुणा? ते बघायला इथून जरा मागे जावं लागेल. माझा हात धरा. पन्नास वर्षं आहेत, पोटात थोडं ढवळेल.

थंडी. काळोख. कुठल्याशा तीर्थाच्या गावातली धर्मशाळा. नाव विचारून उपयोग नाही, हे कुटुंब एका जागी राहतच नाही. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात अनंतशास्त्री डोंगऱ्यांचा आश्रम होता. तो सोडून ते निघाले तेव्हा धाकटी रमा सहा महिन्यांची होती आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून, एका माणसाच्या डोक्यावरून तिला डोंगर उतरवलं होतं. तेव्हापासून चालणं चालूच आहे. तुमच्या डाव्या हाताला कुणीतरी घोरतंय, उजवीकडे शेळी बांधलीय, पायाशी गार राख. आणि तिथं, अंधारात, आई, लक्ष्मीबाई, मुलीला हलवून उठवते आहे. पहाटेची हीच वेळ त्यांना मोकळी असते. दिवस उजाडला की स्वयंपाक, पाणी, पुढचा मुक्काम. वडील थकलेत, त्यांच्याच्याने आता धाकटीला शिकवणं होत नाही. बायकोला मात्र त्यांनी पूर्वीच शिकवलं होतं, लोकांचे बोल खाऊन शिकवलं होतं, आणि आता बायको मुलीला शिकवते आहे. पुस्तक दिसायला उजेड नाही, आणि त्याची गरजही नाही. आई म्हणते, मुलगी म्हणते. पुन्हा आई, पुन्हा मुलगी. पेंगुळलेल्या आवाजात एक ऱ्हस्व दीर्घ झाला की आई तिथेच थांबते. थोड्या वर्षांत या मुलीला भागवताचे अठरा हजार श्लोक तोंडपाठ असतील.

चला, उजाडलं. देवळात जाऊ. गर्दी आहे, पदर सांभाळा. ओल्या वस्त्रांचा, झेंडूचा, कापराचा आणि खरकट्याचा एकत्र वास. दगडी फरशी आताच तापायला लागली आहे. कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर हे कुटुंब पोथी उघडून बसलंय. बाप, आई, थोरला भाऊ आणि ही मुलगी, आळीपाळीने पुराण वाचतात. लोक येतात, बसतात, ऐकतात, पोथीपुढे फूल, फळ, मूठभर तांदूळ, एखादा पैसा ठेवतात, नमस्कार करून उठतात. हे कुटुंब भीक मागत नाही. पोट चालतं ते यावरच.

जरा पुढे सरका आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बघा. ती म्हातारी, मान डोलावणारी, डोळे मिटलेली. तिला काय कळतंय? काहीही नाही. संस्कृतचा एक शब्द तिला येत नाही. कानावरून गेलं म्हणजे पुण्य लागलं, अर्थाची अट नाही. मुलगी खणखणीत, निर्दोष वाचते आहे, म्हातारी तल्लीन आहे, आणि दोघींच्या मध्ये पोथी जशी बंद होती तशीच आहे. पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात रमाबाईंनी या वाचनाबद्दल जे सांगितलंय त्यात कडवटपणा आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

यानंतरची काही वर्षं मी तुम्हाला भरभर ओलांडून नेतो. १८७४ च्या आसपास अन्न संपतं. दिवसचे दिवस झाडाचा पाला आणि पाणी. बाप जातो, आई जाते, मोठी बहीण जाते. भाऊ आणि रमा अनवाणी उत्तरेकडे चालत राहतात. थंडीत नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, अंगावर वाळूच ओढून झोपतात. त्या रात्री तुम्हाला थांबवत नाही. १८७८ ला कलकत्ता: पंडितांची सभा, अत्तर, तक्क्यांची गर्दी, वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या. लग्न, एक मुलगी, दोन वर्षांत वैधव्य. मग बोट, आणि इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींचा मठ. उकडलेले बटाटे, कारण बाई जन्मभर शाकाहारी राहिल्या आणि मठाच्या स्वयंपाक्यांपुढे दुसरा इलाज नव्हता. तिथे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि तिथेही वाद घालत राहिल्या. वडीलधाऱ्या जोगिणींना त्यांनी पत्रांतून धर्मावर असे प्रश्न विचारले की त्या हैराण झाल्या. कुणी सांगितलं म्हणून मानायचं हे त्यांना कधी जमलंच नाही. मूळ काय म्हणतं? मूळ दाखवा. हिब्रूकडे त्या वळल्या यात नवल काही नाही.

परत टेबलापाशी. घाम पुसा. दुपारचे दोन वाजले असतील.

बाईंच्या हातात तुम्ही आणलेलं प्रूफ आहे. ओळीखाली बोट, मग हिब्रूच्या पानावर बोट, मग पुन्हा प्रूफ. बघत राहा, काय खोडतात ते. सोपा शब्द खोडत नाहीत. भारदस्त, तत्सम, पंडिती शब्द दिसला की लेखणी थांबते. गंमत अशी, की हे शब्द त्यांना सगळ्यांत आधी सुचत असणार. अठरा हजार श्लोक काही डोक्यातून जात नाहीत. तेव्हाच्या प्रचलित मराठी बायबलवर त्यांचा आक्षेपच हा होता, की ते जड आहे, आणि त्यातल्या संस्कृत शब्दांना जुन्या देवळांचा वास आहे. मिशनऱ्यांनी पंडितांच्या मदतीने केलेली ती भाषा, आणि तिला हरकत कोण घेतं, तर त्या सगळ्या पंडितांना संस्कृतात हरवू शकणारी बाई.

हिब्रू कथेची वाक्यं आखूड असतात. आणि तो उठला, आणि तो गेला, आणि त्याने पाहिलं. आजीच्या गोष्टीसारखी एकाला एक जोडत जाणारी. ती मराठीत चटकन बसतात. कवितेची पुस्तकं मात्र छळतात. ईयोबाच्या पुस्तकात असे शब्द आहेत जे साऱ्या जुन्या करारात पुन्हा कुठे येतच नाहीत. कोश उघडा, दुसरा उघडा, अंदाज करा. मुळाशी इमान राखायचं आणि मोटेवरच्या बाईलाही कळलं पाहिजे, या दोन गोष्टी एका ओळीत दरवेळी मावत नाहीत. खरं सांगायचं तर रमाबाईंचं भाषांतर काही ठिकाणी अवघडलेलं आहे, वाचताना ठेच लागते. मूळ सोडवत नाही म्हणून मराठी वाकली आहे.

मराठी आणि हिब्रू यांची ओळख त्यांनी करून दिली असं मात्र नाही, हेही सांगून टाकतो. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, ते पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. मुंबईच्या मिशनरी जॉन विल्सनने हिब्रूचं छोटं व्याकरण मराठीत छापलं ते १८३२ मध्ये, त्याच लोकांसाठी. म्हणजे घाण्याचा करकराट आणि हिब्रू अक्षरं यांची गाठ या मुलखात पडली ती काही केडगावात पहिल्यांदा नव्हे.

संध्याकाळी प्रार्थनेला चला. प्रार्थना म्हणजे शांतता अशी तुमची कल्पना असेल तर दाराशीच राहा. शेकडो बायका जमिनीवर बसल्या आहेत आणि सगळ्याजणी एकाच वेळी, आपापली, मोठ्याने प्रार्थना करताहेत. कुणी रडतंय, कुणी हात वर केलेत, कुणाचं मूल मांडीवर किंचाळतंय. आवाज छताला जाऊन आपटतो आणि अंगावर परत येतो. तुमच्या शेजारी तीच गुजराती हेलाची जुळारीण आहे, नखांत शाई तशीच. १९०५ मध्ये या आवारात हे असं पेटलं आणि त्याच्या बातम्या दूरदेशी गेल्या. ही श्रद्धा तुम्हाला पटो न पटो. मलाही प्रत्येक वेळी पटत नाही. पण या खोलीत कुणाला पोथी ऐकून नुसती मान डोलवायची नाहीये.

अजून एक उडी, छोटी. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या, चाळीस वर्षांच्या. सगळा कारभार जिच्यावर सोपवायचा ती आधी गेली. बाई टेबलाशी परत बसल्या. आश्रमात सांगतात की शेवटची प्रुफं उरली होती तेव्हा त्यांनी देवाकडे दहाच दिवस मागून घेतले, ते मिळाले, काम संपलं, आणि त्या झोपेतच गेल्या. दहा दिवसांचं मी पैजेवर सांगणार नाही. तारीख मात्र ५ एप्रिल १९२२.

आणि आता १९२४, तोच छापखाना, बांधणीची खोली. इथं तुम्हाला हळवं व्हायला कुणी फुरसत देणार नाही. छापील कागदांचे ढीग कमरेएवढे. बायका रांगेने बसून फर्मे मोडताहेत, काठ हाडाच्या पट्टीने दाबताहेत, दाभण आणि दोरा चाललाय, खळीचा आंबूस वास नाकात बसलाय आणि माश्या त्या खळीवर. या पुस्तकाचं पुढे काय होणार हे इथं फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. चर्चांमधून बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जाईल. रमाबाईंचं अभ्यासकांच्या कपाटांत राहील, शंभर वर्षांनी त्यावर प्रबंध होतील, आणि केडगावच्या मुक्ती मिशनात तेव्हाही मुलींचा गलका असेल. सांगू नका त्यांना. त्यांना आज संध्याकाळपर्यंत हा ढीग संपवायचा आहे.

तुमच्या पुढ्यात कागद टाकलेत. मोडा. मधोमध, मग पुन्हा मधोमध, काठाला काठ. बोटं भाजल्यासारखी लागतात, कागद कापतो. ती जुळारीण, आता चष्मा लावते, तुमचा गठ्ठा उचलते, अंगठ्याने कडेचे आकडे भरभर उलगडत जाते आणि मध्येच थांबते. सोळाव्या पानानंतर नववं. तिच्या तोंडून पुन्हा ते न छापण्यासारखं. गठ्ठा तुमच्या मांडीवर परत येतो, आणि पलीकडची पोरगी खिदळते, कारण काल तिचंही हेच झालं होतं.